नोंद कोणासाठी? रुग्णालयातील माहिती व्यवस्था आणि डॉक्टर

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे परमपवित्र स्थान होय. श्रीगोविंदप्रभूंच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या या गावी खानदेश, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र इतकेच नव्हे तर पंजाबातूनही भाविक येतात. त्यांत वयोवृद्ध स्त्री-पुरुष पुष्कळ असतात. प्रवासाचा शीण, उन्हाची तिरीप, चुकलेली औषधाची वेळ, यांपैकी काहीही निमित्त होते आणि एखाद्या यात्रेकरूस भोवळ येते. डॉक्टर विचारतात, कोणते औषध चालू आहे? उत्तर बहुधा ठरलेले असते: एक लहान पांढरी गोळी, सकाळी घ्यावयाची.

रक्तदाबाची गोळी लहान व पांढरी असते, मधुमेहाची असते, थायरॉइडची आणि हृदयविकाराचीही असते. रक्तातील साखर एकाएकी उतरली म्हणून आलेली भोवळ आणि रक्तदाब खाली गेल्यामुळे आलेली भोवळ यांचे उपचार निराळे आहेत. या रुग्णाची सारी हकीकत कोठे तरी लिहिलेली आहेच. जळगावच्या किंवा जालन्याच्या एखाद्या दवाखान्यात ती व्यवस्थित जपून ठेवलेली असेल. ती या वेळी या खाटेपाशी नाही, एवढीच अडचण आहे. रुग्णालयीन माहिती व्यवस्था या भारदस्त नावाखाली जो मोठा खटाटोप गेली पंधरा-वीस वर्षे आपल्या राज्यात व देशात चालू आहे, त्याचे मूळ प्रयोजन ही अडचण दूर करणे हेच असावयास हवे. ते कितपत साधले आहे, हे येथे पाहावयाचे आहे. त्यासाठी एकच कसोटी पुरेशी आहे. जो डॉक्टर नोंद करतो, त्याला ती नोंद त्याच्या रुग्णासाठी, हव्या त्या घटकेला परत मिळते काय?

नोंदीविषयी बोलताना रिद्धपूरचा उल्लेख केवळ यात्रेमुळे केलेला नाही. मराठीतील आद्य गद्यचरित्र म्हणून गौरविलेले ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी येथेच सिद्ध केले, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या होत्या, त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून त्यांनी त्या लिहून काढल्या. मूळ पोथी पुढे परचक्रात नष्ट झाली आणि शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. पोथ्यांतील पाठभेद ‘वासना’ या नावाने वेगळे नोंदलेले आढळतात. कोणी सांगितले, कसे सांगितले, कोठे मतभेद आहे, हे न लपविता लिहिणे हा चांगल्या नोंदीचा गुण आहे. रुग्णाची हकीकत लिहिताना ‘मुलाने सांगितले’, ‘रुग्णास स्वतःस आठवत नाही’ असे लिहिणारा डॉक्टर हाच गुण पाळीत असतो. मराठी भाषा विद्यापीठ आता याच गावी सुरू झाले आहे, हे ओघाने सांगावयास हरकत नाही.

जुनीच तक्रार

रुग्णालयांच्या नोंदी निरुपयोगी असतात ही तक्रार संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या रुग्णालयविषयक ग्रंथाच्या आवृत्तीत असे गाऱ्हाणे मांडले होते, की तुलना करता येईल अशा नोंदी आपल्याला जवळजवळ कोठेच मिळाल्या नाहीत. त्यांनी सर्व रुग्णालयांसाठी एकसारखे तक्ते सुचविले. एकसारख्या तक्त्यांची ही कल्पना आजच्या प्रत्येक माहिती व्यवस्थेच्या मुळाशी आहे. परंतु तक्ता हा प्रामुख्याने वरून पाहणाऱ्याच्या सोयीचा असतो.

खाटेपाशी उभ्या असलेल्या डॉक्टरच्या सोयीचा विचार १९६८ मध्ये अमेरिकेतील डॉ. लॉरेन्स वीड यांनी मांडला. त्यांचे म्हणणे असे होते, की रुग्णाचे कागद तारखेनुसार किंवा विभागानुसार नव्हे, तर रुग्णाच्या एकेका समस्येनुसार लावावेत. रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय दिसते, त्यावरून निष्कर्ष कोणता आणि पुढे करावयाचे काय, या चार पायऱ्यांनी प्रत्येक नोंद लिहिली जावी. आजही वैद्यकाचे विद्यार्थी याच क्रमाने लिहावयास शिकतात. नोंद ही विचार करण्याचे साधन आहे, ती डॉक्टरला मार्ग दाखविते व शिकविते, असा वीड यांचा आग्रह होता. संगणकाचा उपयोगही त्यांना याचसाठी हवा होता.

यानंतर संगणक रुग्णालयांत आले खरे. परंतु ते बहुतेक ठिकाणी बिलाच्या खिडकीतून आले. पैसे किती झाले, खाट कोणती रिकामी आहे, औषधांचा साठा किती, हे प्रश्न आधी सुटले. डॉक्टरचे प्रश्न मागाहून आले. अनेक व्यवस्थांच्या रचनेत हा क्रम आजही स्पष्ट दिसतो.

सेवाग्रामचा दाखला

विदर्भातील वाचकांना जवळचे उदाहरण सेवाग्रामचे आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था व तिचे कस्तुरबा रुग्णालय हे ग्रामीण भागातील वैद्यकीय शिक्षणाचे देशातील आद्य केंद्र. बापूकुटीपासून हाकेच्या अंतरावरील या रुग्णालयाने या शतकाच्या पहिल्या दशकातच सी-डॅक या केंद्र शासनाच्या संस्थेच्या साहाय्याने संगणकीय रुग्णालयीन माहिती व्यवस्था उभी केली. ज्या संस्थेत खादी वापरली जाते आणि रुग्ण बव्हंशी शेतकरी-शेतमजूर असतात, तेथे ही व्यवस्था मोठ्या शहरांतील पुष्कळ नामांकित रुग्णालयांच्या आधी आली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

अशा व्यवस्थेतून डॉक्टरला काय मिळते? सर्वांत मोठा लाभ प्रयोगशाळेच्या अहवालाचा. पूर्वीची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. रक्ताचा नमुना खाली जातो, अहवाल नोंदवहीत लिहिला जातो, तेथून चिठ्ठीवर उतरविला जातो, चिठ्ठी कक्षसेवक वर आणतो आणि ती योग्य रुग्णाच्या कागदांत लागली तर लागते. या पाच टप्प्यांत आकडा बदलण्याच्या किमान दोन जागा आहेत आणि चिठ्ठी हरवण्याच्या तीन. तोच आकडा प्रयोगशाळेतून थेट कक्षातील पडद्यावर आला, आणि सोबत मागील वेळचे आकडेही दिसले, तर मूत्रपिंडाचे कार्य आठवड्यात खालावत आहे की सुधारत आहे हे डॉक्टरला एका दृष्टिक्षेपात कळते. दुसरा लाभ एकाच क्रमांकाचा. दोन वर्षांनी पुन्हा आलेला रुग्ण नवा समजला जात नाही.

येथे डॉक्टर जे देतो त्यापेक्षा त्याला मिळते जास्त. म्हणूनच तो असल्या व्यवस्थेबद्दल कुरकुर करतो, पण ती बंद पडली तर अधिक कुरकुर करतो. उपयुक्ततेचा याहून चांगला पुरावा कोणता?

ती बंद पडते तेव्हा

बंद पडण्याचा अनुभव आपल्या राज्याने घेतलेला आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालयांत, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयापासून नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयापर्यंत, एका खाजगी कंपनीमार्फत रुग्णालय व्यवस्थापन माहिती प्रणाली वर्षानुवर्षे चालविली जात होती. जुलै २०२२ मध्ये कराराच्या व देयकांच्या वादातून ती थांबली. रुग्णालये एका दिवसात पुन्हा कागदावर आली. निवासी डॉक्टरांना अहवाल हाताने लिहून घेणे, प्रयोगशाळेत जाऊन विचारणे, जुन्या रुग्णांची हकीकत पुन्हा पहिल्यापासून घेणे ही कामे करावी लागली. पुढे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-हॉस्पिटल प्रणाली टप्प्याटप्प्याने आणण्यात आली.

त्याच वर्षी २३ नोव्हेंबर रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर घातपाती हल्ला होऊन सुमारे दोन आठवडे तेथील काम हाताने चालले. कारणे सर्वस्वी भिन्न. खाटेपाशी परिणाम मात्र सारखाच. रुग्णांची माहिती कोणाच्या मालकीची, ती कोणत्या स्वरूपात साठविली आहे आणि कंत्राटदार बदलला तर ती नव्या व्यवस्थेत जशीच्या तशी नेता येईल काय, हे प्रश्न करारनाम्यातील शेवटच्या कलमांत टाकून भागत नाही. केंद्र शासनाने २०१३ मध्ये संगणकीय आरोग्य नोंदींची मानके जाहीर केली व २०१६ मध्ये ती सुधारली, ती याचसाठी. खरेदीचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी ती वाचलेली असणे इष्ट आहे.

वर जाणारी माहिती

आतापर्यंत मोठ्या रुग्णालयांचा विचार झाला. वऱ्हाडातील बहुसंख्य लोकांचा संबंध येतो तो उपकेंद्राशी, प्राथमिक आरोग्य केंद्राशी आणि फार तर मोर्शी वा अचलपूर येथील उपजिल्हा रुग्णालयाशी. तेथील माहिती व्यवस्था निराळ्या जातीची आहे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले व २००८ मध्ये आरोग्य व्यवस्थापन माहितीचे राष्ट्रीय संकेतस्थळ उघडण्यात आले. प्रत्येक आरोग्य संस्थेने किती गर्भवतींची नोंदणी झाली, किती प्रसूती, किती लसीकरण याचे आकडे दरमहा त्यात भरावयाचे असतात. याशिवाय माता व बालकांची नावनिशीवार नोंद वेगळी, क्षयरुग्णांची ‘निक्षय’वर वेगळी, साथरोगांची वेगळी. प्रत्येकाचा हेतू स्तुत्य आहे. प्रत्येकाचा पडदा, परवलीचा शब्द आणि मुदतीची तारीख मात्र स्वतंत्र आहे.

शिक्षक वाचकांस हा अनुभव अपरिचित नसावा. पटावरील मुलांची माहिती किती ठिकाणी, किती वेळा भरावी लागते आणि त्यांपैकी कोणती माहिती उद्याच्या तासाला उपयोगी पडते, याचा हिशोब त्यांनी मनात केला की डॉक्टरांची अडचण वेगळी समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

प्रस्तुत लेखकास वऱ्हाडातील एका शासकीय दवाखान्यात एक सकाळ बसण्याचा योग आला. पावसाळ्याचे दिवस, बाह्यरुग्ण विभागात तुडुंब गर्दी. डॉक्टर केस पेपरवर दोन ओळी लिहीत होते, आरोग्य सेविका तीच माहिती नोंदवहीत उतरवीत होती आणि संगणक शेजारच्या खोलीत होता. वहीतील नोंदी सवडीने संगणकात भरल्या जात. म्हणजे एकच गोष्ट तीनदा लिहिली जात होती आणि समोर बसलेल्या म्हातारीला मागील महिन्यात कोणते औषध दिले होते, हे शोधण्यासाठी तिच्या कापडी पिशवीतील कागदच उलगडावे लागत होते. डॉक्टरांनी ते शांतपणे उलगडले. संगणकाचा उल्लेख त्यांनी केला तो एकदाच, महिन्याचा अहवाल पाठवावयाचा राहिला आहे याची आठवण झाली तेव्हा.

जी माहिती केवळ वर जाते, तिची अचूकता खाली कोणी तपासत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने व राज्यातील इतर स्वयंसेवी संस्थांनी गावोगावी जाऊन बालमृत्यूंची मोजणी केली. तिचे निष्कर्ष २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ या नावाने प्रसिद्ध झाले. शासकीय नोंदींत येणारे बालमृत्यू प्रत्यक्षातील मृत्यूंच्या मानाने फारच थोडे होते. शासनाने पुढे डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली, ही गोष्ट शासनाच्या बाजूने नमूद करावयास हवी. तथापि मूळ प्रश्न सचोटीपुरता मर्यादित नव्हता. आकडा वाढला की स्पष्टीकरण मागविले जाते आणि घटला की कोणी काही विचारत नाही, अशी रीत असेल तर आकडे घटत जातात.

यवतमाळ, २०१७

वऱ्हाडातच घडलेला एक प्रसंग या संदर्भात विसरता येत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. अकोला व अमरावती जिल्ह्यांतही बाधित आढळले. यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात असे रुग्ण जुलै-ऑगस्टपासून येत होते. प्रकरणाचे गांभीर्य राज्याच्या ध्यानी आले ते सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात.

या दोन महिन्यांत माहिती नव्हती असे नाही. प्रत्येक रुग्णाचा केस पेपर होता. कक्षातील डॉक्टरांना रुग्ण वाढत आहेत हे डोळ्यांनी दिसत होते. परंतु एका तालुक्यातून, एकाच पिकावर काम करणारे, सारख्याच लक्षणांचे लोक येत आहेत, ही गोष्ट कागदांच्या गठ्ठ्यातून आपोआप वर येत नाही. ती मोजून कोणीतरी समोर ठेवावी लागते, आणि तीही आठवड्याच्या आत. मासिक अहवालाचा वेग येथे कामाचा नाही.

दुसरी अडचण उपचाराची होती. ऑर्गनोफॉस्फेट गटातील विषावर ॲट्रोपिन हा हुकमी उपाय आहे. इतर पुष्कळ गटांच्या बाबतीत तसे नाही, तेथे लक्षणांनुसार रुग्णास सांभाळणे एवढेच हाती राहते. म्हणून डॉक्टरला आधी कळावयास हवे ते औषधाचे नाव. फवारणीसाठी दोन-तीन औषधे एकत्र मिसळलेली, डबा शेतातच राहिलेला, आणि रुग्ण बोलण्याच्या अवस्थेत नाही, अशा वेळी केस पेपरवर ‘अज्ञात विष’ एवढेच लिहिले जाते. संगणकाच्या यादीतही त्याला बहुधा हाच पर्याय सापडतो. माहिती व्यवस्थेने खरी मदत करावयाची तर गावातील कृषी केंद्रातून या आठवड्यात कोणती कीटकनाशके विकली गेली ही यादी कक्षातील डॉक्टरसमोर यावयास हवी. ही माहितीही शासनाजवळच असते, फक्त दुसऱ्या खात्याकडे.

पडद्याकडे की रुग्णाकडे?

यादीतून पर्याय निवडणे हे प्रकरण वरवर साधे वाटते. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हजारो सांकेतिक क्रमांक आहेत. आपला रुग्ण मात्र ‘डोकं गरगरते’, ‘अंगात कसकस आहे’, ‘जीव घाबरते’ असे सांगतो. जीव घाबरणे हे हृदयविकाराचे लक्षण असू शकते, रक्तक्षयाचे असू शकते आणि कर्जाच्या हप्त्याचेही असू शकते. कागदावर डॉक्टर रुग्णाचे शब्द लिहून विचारासाठी सवड ठेवू शकतो. यादी ती सवड देत नाही. गर्दीच्या वेळी पहिला जवळचा पर्याय निवडला जातो आणि पुढे जिल्ह्याच्या आकडेवारीत तोच रोग फोफावलेला दिसतो.

वेळेचा प्रश्न याहून बिकट आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५७ डॉक्टरांच्या कामाचे प्रत्यक्ष निरीक्षण करण्यात आले. रुग्णासमवेत घालविलेल्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास संगणकावर व कागदी कामात जात होते. तेथील लॉस एंजेलिस शहरातील सीडर्स-सायनाय या प्रख्यात रुग्णालयात औषधयोजना संगणकावरच लिहिण्याची पद्धत सुरू करण्यात आली होती. डॉक्टरांच्या विरोधामुळे २००३ मध्ये काही महिन्यांतच ती मागे घ्यावी लागली. श्रीमंत देशातील या अडचणी आपल्याकडे दुप्पट होतात. प्राथमिक सेवेत डॉक्टर एका रुग्णास किती वेळ देऊ शकतो याचा अनेक देशांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये हा वेळ साडेबावीस मिनिटे होता, भारतात सुमारे दोन मिनिटे. दोन मिनिटांतील एक मिनिट पडद्याने घेतले तर नाडी पाहावयास किती उरते?

यावर उपाय नाही असे नाही. नाव, वय, गाव, वजन, रक्तदाब या गोष्टी डॉक्टरकडे येण्यापूर्वीच भरलेल्या असाव्यात. मागील औषधयोजना एका कळीसरशी समोर यावी व बदल तेवढाच लिहावा लागावा. एकदा लिहिलेली नोंद मासिक अहवालात आपोआप मोजली जावी, म्हणजे अहवालासाठी निराळे लिखाण उरणार नाही. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अवघड आहे ते व्यवस्था आखताना बाह्यरुग्ण विभागात एक आठवडा बसून पाहणे. डॉक्टरही याबाबतीत सर्वस्वी निर्दोष नाहीत. व्यवस्था ठरविण्याच्या बैठकीस जावयाचे नाही आणि ती आल्यावर नावे ठेवावयाची, अशी प्रवृत्ती त्यांच्यातही आढळते.

रिद्धपूरच्या यात्रेकरूस काय मिळेल?

केंद्र शासनाने २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर सुरू केले. त्यात प्रत्येक नागरिकास चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो व त्या क्रमांकाशी जोडलेल्या नोंदी रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या रुग्णालयातील डॉक्टर पाहू शकतो. लेखाच्या आरंभी सांगितलेल्या अडचणीवरचा हा नेमका उपाय आहे. परंतु क्रमांक मिळणे आणि नोंद मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जळगावच्या दवाखान्याने औषधयोजना त्या क्रमांकाशी जोडली असेल तरच ती रिद्धपूरला दिसेल. आजवर क्रमांक काढण्याच्या मोहिमा जितक्या उत्साहाने झाल्या, तितका उत्साह नोंदी जोडण्याच्या कामात आणावा लागेल. नोंदणीच्या खिडकीवरची रांग कमी झाली हा लाभ आहेच. तथापि तो खिडकीचा लाभ आहे, डॉक्टरचा नव्हे.

पंचायत सदस्यांस यात करण्यासारखे बरेच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत लोकप्रतिनिधी असतात. बैठकीत किती क्रमांक काढले हे विचारण्याऐवजी, मागील महिन्यात आलेल्या मधुमेहाच्या एका रुग्णाची औषधयोजना आत्ता पडद्यावर दाखवा, असे त्यांनी म्हणावे. संगणक डॉक्टरच्या टेबलावर आहे की कुलूपबंद खोलीत, वीज गेल्यास तो किती वेळ चालतो, हेही पाहावे. बॅटरी बदलणे हा खर्च समितीच्या आवाक्यातला आहे.

आणि यात्रेस निघणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या पिशवीत चालू गोळ्यांचे पाकीट ठेवावे. गोळ्या संपत आल्या असल्या तरी ज्या बाजूस नाव छापलेले असते ती बाजू फाडून टाकू नये. सोबतच्या चिठ्ठीवर आजाराचे नाव, डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक आणि गोळी कोणत्या वेळेची, एवढे लिहिलेले असले म्हणजे रिद्धपूरच्या डॉक्टरांचे निम्मे काम होते.